जिवंत आईचं फूल

या वर्षी पांढरं फूल लावायचं, हे थॅडियस मॅब्रीने डिसेंबरातच ठरवून टाकलं होतं. मोझेलला मातीत ठेवून तो परत निघाला तेव्हा मागच्या सीटवर त्याची लेक ओपल ओले बूट काढून झोपून गेली होती. गाडीत बोलायला दुसरं कोणी नव्हतं. त्या शांततेत त्याच्या मनात आलेला पहिला धड विचार हाच होता, की आता मे महिन्यात मला कोणी अडवणार नाही.

मे महिन्यातला दुसरा रविवार आईचा. सॅगिनॉ गावात नदीच्या पूर्वेकडच्या चर्चमध्ये त्या दिवशी दाराशी दोन ट्रे ठेवलेले असतात. एकात लाल कार्नेशन, एकात पांढरी. आई हयात असेल त्याने छातीवर लाल लावायचं, नसेल त्याने पांढरं. कोणाला विचारावं लागत नाही. दाराशी पांढरे हातमोजे घालून उभ्या असलेल्या बायांना घराघरातलं ठाऊक असतं. एखाद्याचं फूल लालाचं पांढरं झालं की त्या वर्षी त्याचा हात त्या जरा जास्त वेळ हातात धरतात, एवढंच.

थॅडियसला वाढवलं मोझेलने. नात्याने ती आजी, पण तो तिला आई म्हणायचा. जन्म दिला होता रोझलिनने. रोझलिन ही मोझेलचीच मुलगी. तो चार वर्षांचा असताना ती नोकरी बघायला म्हणून दूर कोलंबस शहरात गेली आणि तिथलीच होऊन राहिली. आधी ती नाताळला यायची, मग तिची पार्सलं यायला लागली, मग नुसती कार्डं, आणि मग तीही थांबली. तिला तो रोझलिनच म्हणायचा, आणि मोझेलला त्याने कधी नावाने हाक मारली नाही.

दर वर्षी लाल फूल टोचून घेताना तो म्हणायचा, "हे तुझं आहे हं, आई."

"माझं नाही," मोझेल त्याची कॉलर नीट करत म्हणायची. "रोझलिनचं आहे. सरळ उभा राहा."

अकरा वर्षांचा असताना त्याने मुद्दाम पांढऱ्या ट्रेमध्ये हात घातला होता. मोझेलने त्याच्या कानाला धरून त्याला बाहेर पायऱ्यांवर नेलं. त्याला वाटलं होतं, मार बसेल. ती नुसती त्याच्या शेजारी बसली आणि डायसीची गोष्ट सांगायला लागली. डायसी ही मोझेलच्या आजीची आई. लहान पोर असताना तिला जॉर्जियात आईपासून तोडून विकलं आणि आर्कान्सात आणलं. गुलामी संपल्यावर डायसी येणाऱ्या प्रत्येक धर्मोपदेशकाला आईची खूण सांगायची, चर्चच्या वर्तमानपत्रात छापून आणायची. खूण म्हणजे काय, डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग. स्वतः डायसी पिकून म्हातारी झाली, दात पडले, तरी कोणी विचारलं, "तुझी आई आहे का गं?" तर ती सांगायची, "गेल्याचं ऐकलं नाही."

"कळतंय का तुला?" मोझेल म्हणाली होती. "आपल्या माणसांना लाल की पांढरं हेसुद्धा कळू दिलं नाही कोणी. तुला तुझ्या आईचा रस्ता माहितीय, घर माहितीय. ती वाईट असेल. मीच जन्माला घातलीय, मला नको सांगू. पण जित्या माणसाला मारायचं नाही."

तो आत जाऊन लाल लावून बसला होता. पण पुढे प्रत्येक मे महिन्यात ते लाल फूल छातीवर चुकीच्या पत्त्यावर आलेल्या टपालासारखं बसायचं.

आता मोझेल गेली होती. आता पांढरं लावणं म्हणजे कोणाला मारणं नव्हतं. जी खरोखर गेली तिचं ते फूल होतं, आणि ते लावायला तिच्यामागे या चर्चमध्ये एकटा तोच उरला होता.

*

शनिवारी तो ओपलला घेऊन अर्डीनमावशीकडे गेला. मोझेल होती तोवर ओपलच्या वेण्या तिच्या स्वयंपाकघरात व्हायच्या. आता त्या मोझेलच्या मैत्रिणीच्या, अर्डीनच्या स्वयंपाकघरात होत. चर्चच्या दाराची आणि त्या फुलांची जबाबदारीही अर्डीनकडेच होती. सिंकमध्ये बादलीभर कार्नेशन पाण्यात उभी होती. चुलीवर कॉलर्डच्या पानांची भाजी डुकराच्या हाडासोबत रटरटत होती.

"ये गं माझे बाई," अर्डीनने ओपलला दोन गुडघ्यांमध्ये बसवून घेतलं. "बापाने काय केलंय हे केसांचं? नदीपलीकडे कंगवे मिळत नाहीत वाटतं."

"मावशी, मी रोज विंचरतो," थॅडियस म्हणाला.

"विंचरतोस की गवत कापतोस? गप बस. भाजी ढवळ जरा."

तो भाजी ढवळायला उठला. त्याला या स्वयंपाकघरात बोलणी खायला आवडायचं. नदीच्या पश्चिमेला, जिथे तो ओपलच्या शाळेसाठी दोन हिवाळ्यांपूर्वी राहायला गेला होता, तिथे त्याला कोणी रागावत नसे. लोक वाईट नव्हते. दारात भेटले की हवेबद्दल बोलायचे. पण पूर्वेकडे अनोळखी म्हाताराही पहिला प्रश्न विचारायचा, "तू कोणाचा रे?" आणि 'मोझेल मॅब्रीचा' म्हटलं की पुढचं सगळं आपोआप व्हायचं. खुर्ची यायची, ताट यायचं, ओरडाही बसायचा. पलीकडे कोणाला हा प्रश्नच पडत नसे. त्याचा रंग बघितला की त्यांना पुरेसं कळल्यासारखं वाटायचं. वसंतात ओपलच्या वर्गाने आपापल्या घराण्याचं झाड काढलं. बाकीच्या पोरांची मुळं जर्मनीला, पोलंडला पोचली. ओपलचं झाड जॉर्जियात भुवईवरच्या एका डागापाशी थांबलं. बाईंनी प्रेमाने सांगितलं, "असू दे, तेवढं पुरे." घरी येऊन ओपलने विचारलं होतं, "बाबा, इतरांना का तेवढं पुरे नव्हतं?"

"तुझं पांढरं मी बाजूला काढून ठेवलंय," अर्डीन त्याला म्हणाली. तिची बोटं ओपलच्या केसांत झरझर चालत होती. "सगळ्यात मोठं. मोझेलला शोभेल असं."

"थँक यू, मावशी."

"पांढरं का?" ओपलने मान वळवली.

"मान सरळ! तुझ्या बाबाची आई गेली ना, म्हणून."

"बाबाची आई तर कोलंबसला आहे. निळ्या कोटवाली. हिवाळ्यात आली होती. ती पण गेली?"

अर्डीनचा हात क्षणभर थांबला. मोझेलच्या दफनाला रोझलिन खरंच आली होती. पहिल्या बाकावर कोट न काढता बसली होती, आणि खाली चर्चच्या तळघरात जेवणाची ताटं लागायच्या आत निघून गेली होती. जाताना तिने थॅडियसच्या फोनमध्ये स्वतःचा नंबर स्वतःच्या हाताने भरून दिला होता आणि म्हटलं होतं, "काही झालं तर."

"ती नुसती जन्म देणारी, राणी," अर्डीन म्हणाली. "जी वाढवते ती आई. मोझेलने वाढवलं, म्हणून मोझेल आई. नुसतं जन्माला घालणं मांजरीलाही जमतं."

"मावशी," थॅडियस हळूच म्हणाला.

"काय मावशी? खोटं बोलले का मी?"

ओपलने मान सरळ केली. कानामागची वेणी घट्ट झाली तेव्हाही ती ओरडली नाही, एरवी हमखास ओरडायची.

पुलावर आल्यावर मागच्या सीटवरून आवाज आला. "बाबा, मला तू वाढवतोस ना?"

"हो."

"आई ह्यूस्टनला असते."

"कामाला गेलीय ती. माहितीय ना तुला."

"रोझलिन पण कामालाच गेली होती."

थॅडियसने आरशात पाहिलं. ओपल खिडकीतून नदीकडे बघत होती. ती रडत नव्हती. गणित सोडवावं तसं चाललं होतं तिचं.

"मग मी मोठी झाल्यावर पांढरं लावलं तर चालेल? आईला कळेल का ते?"

त्याला पहिल्यांदा काय वाटलं ते तो पुढे कधी कोणाला सांगणार नव्हता. त्याला बरं वाटलं. कँडेस, त्याची बायको, दोन वर्षांपूर्वी वेगळी झाली आणि नोकरीसाठी दवाखान्यांमागून दवाखाने बदलत दूर गेली. ओपलच्या तापाच्या रात्री, शाळेतली भांडणं, डबा, बुटांची मापं, हे सगळं त्याच्या वाट्याला आलं होतं. तो बीटाच्या साखर कारखान्यात होता. हंगामात रात्रपाळी असायची, तेव्हा ओपल मोझेलकडे झोपायची. येत्या हंगामात ती कुठे झोपेल हे त्याला अजून माहीत नव्हतं. आणि कँडेस मात्र रविवारी फोनच्या पडद्यावर येऊन हसायची. म्हणून, पूल पार होईल इतका वेळ, लेकीने आपली बाजू घेतल्याचं सुख त्याने चाखलं.

मग पूल संपला. जित्या आईला मेलेलं धरणं ओपलला जमलं असतं. तिने ठरवलं असतं आणि तिला जमलं असतं, जसं त्याला जमलं होतं.

"लाल लावायचं," तो म्हणाला. "तुझी आई धडधाकट आहे."

"तुझी पण आहे," ओपल म्हणाली.

संध्याकाळी त्याने डबाबंद घेवड्याबरोबर कोंबडी केली. ओपल बूट घासत बसली. इस्त्री केलेला शर्ट खुंटीला लावून तो त्याच्याकडे बघत राहिला. तिला नीट समजावून सांगता येईल, असं त्याला दोनतीनदा वाटलं. की हे वेगळं आणि ते वेगळं. की रोझलिन यायचीच थांबली आणि तुझी आई दर रविवारी येते, निदान पडद्यावर. पण कितवा रविवार चुकला की आई मेली असं धरायचं, हे तिने विचारलं असतं, आणि ती विचारणारच होती.

*

सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर लायलॅकच्या फुलांचा वास होता. बाया टोप्या सांभाळत चढत होत्या. अर्डीनने त्याला बघताच पांढऱ्या ट्रेच्या कडेला ठेवलेलं मोठं फूल उचललं, टाचणी ओठांत धरली.

"वाक जरा. उंटासारखा वाढलायस."

"मावशी, लाल द्या."

"हं?"

"लाल लावायचंय मला."

अर्डीनने टाचणी ओठांतून काढली. "झोपेत आहेस का पोरा?"

"नाही."

"लाल ओपलचं. तुझं हे."

"आम्हा दोघांनाही लाल."

मागे रांग थांबली. टकलावरचा घाम पुसत चर्चचे कारभारी, डीकन रूझवेल्ट म्हणाले, "अर्डीन, दे की पोराला काय हवं ते. फूल आहे, कोंबडीची तंगडी नाही." दोघीतिघी हसल्या. अर्डीन हसली नाही.

"तुझ्या आईच्या मातीवर अजून धड गवत उगवलं नाही, थॅडियस," ती हळू म्हणाली. हळू बोललेलं जास्त लांब जातं. "तिने तुझ्या चड्ड्या धुतल्या. तिच्या चर्चमध्ये तू लाल लावून आत जाणार?"

त्याला सांगता आलं असतं. दोन वाक्यं पुरली असती. पण ओपलचा हात त्याच्या हातात होता आणि तिची नजर ट्रेवर नव्हती, त्याच्या तोंडावर होती. ती दोन वाक्यं तिच्यादेखत बोलण्यासारखी नव्हती.

"होय, मावशी," तो म्हणाला.

अर्डीनने लाल फूल लावलं. टाचणी व्यवस्थित टोचली, देठ सरळ केला, जशी ती सगळ्यांना करते तशी. मग त्याच्याकडे न बघता ती रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणाली, "या भाऊ."

तो डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, मोझेलच्या जागेशेजारी बसला. तिची जागा कोणी घेतली नव्हती. मागून कुजबूज ऐकू आली. "पलीकडचं पाणी लागलं हो." "घर बदललं की माणूस आईसुद्धा बदलतो." कोणीतरी "शू" केलं.

प्रार्थना झाली, गाणी झाली. मग पाळकांनी दर वर्षीसारखं सांगितलं, की पांढरं फूल असलेल्यांनी उभं राहावं आणि आपल्या आईचं नाव मोठ्याने घ्यावं, म्हणजे हे छप्पर ते नाव विसरणार नाही. बाकाबाकांतून लोक उठले. कोणाचा आवाज फुटला, कोणी ठणठणीत बोललं. अर्लीन ट्रॉटर. बेसी मे कोट्स. जोसेफाइन. एकेका नावामागे सगळे "होय" म्हणत होते.

हा क्षण थॅडियसला आठवलाच नव्हता. फुलाचा विचार करताना त्याने फक्त फुलाचाच विचार केला होता. आता त्याची मांडी बाकाला चिकटली होती, ओपलचं डोकं त्याच्या दंडाला टेकलं होतं, आणि मोझेलचं नाव घ्यायला या छपराखाली कोणी नव्हतं. तिची एकुलती मुलगी कोलंबसला होती. तिने वाढवलेला मुलगा लाल फूल लावून बसला होता.

नावं संपत आली. दाराशी उभ्या अर्डीनने आपल्या आईचं नाव घेतलं. लोक म्हणाले, "होय." ती एवढ्यावर थांबली नाही. समोर क्रूसाकडे बघत ती म्हणाली, "आणि मोझेल मॅब्री."

"होय," सगळे म्हणाले. इतरांच्या नावांपेक्षा मोठ्याने म्हणाले.

थॅडियसनेही म्हटलं. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

*

तळघरात जेवण होतं. तो खाली गेला नाही. ओपल गेली आणि कागदी बशीत केकचे दोन जाड तुकडे घेऊन आली.

"अर्डीनआजीने दिले. मला म्हणाली, घे."

"दुसरा कोणासाठी?"

"दोन्ही माझ्यासाठी," ओपल म्हणाली. "मी विचारलं, बाबाला? ती म्हणाली, बाबाला पाय आहेत."

तो जिन्याच्या तोंडापर्यंत गेला. खालून ताटांचा, हसण्याचा, खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. डीकन रूझवेल्ट मोठ्याने काहीतरी सांगत होते. एक पायरी उतरून तो थांबला. मग परत फिरला.

गाडी चर्चच्या मागे, कुंपणाजवळ होती. तेवढ्यात कँडेसचा फोन आला. ओपलने केकचे हात फ्रॉकला पुसले आणि फोन छातीवरच्या फुलाकडे वळवला.

"बघ! लाल!"

"अगं, नीट धर, मला तुझा कान दिसतोय." पडद्यावर कँडेस दवाखान्याच्या कपड्यांत होती. मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं. "दाखव. अगं बाई. किती मोठं आहे. माझं आहे ते?"

"तुझंच ना. दुसऱ्या कोणाचं असणार?"

कँडेसने फोन तोंडापासून लांब धरला, मग म्हणाली, "केस कोणी केले? छान झालेत. मला जायला लागतंय, राणी. उन्हाळ्यात येतेय मी. तुझ्या बाबाला सांग."

"तूच सांग, तो इथंच आहे."

"सांग त्याला," कँडेस म्हणाली आणि फोन बंद झाला.

ओपल मागच्या सीटवर जाऊन दुसऱ्या तुकड्याला लागली. तिच्यापुरतं ते गणित सुटलं होतं. थॅडियस स्टिअरिंगमागे बसून राहिला. छातीवरचं फूल काढावं असं त्याला वाटलं. ज्या बाईसाठी ते होतं तिला ते माहीतही नव्हतं. ते सगळ्या गावाने पाहिलं होतं, फक्त तिने नाही.

त्याने रोझलिनचा नंबर लावला. वाजतच राहिला. तो ठेवणार इतक्यात पलीकडून आवाज आला.

"कोण गेलं?" रोझलिनने विचारलं.

"कोणी नाही."

"मग?"

"काही नाही. आज आईचा रविवार ना."

पलीकडे टीव्ही चालू होता. कोणीतरी बक्षीस जिंकत होतं.

"हं," रोझलिन म्हणाली. "चर्चला गेला होतास?"

"तिथंच आहे."

"अर्डीन असते का अजून दाराशी?"

"असते."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"कशी आहेस विचारत होती," थॅडियस म्हणाला.

"खोटारडा," रोझलिन म्हणाली, आणि तिचा आवाज हसल्यासारखा झाला. हुबेहूब मोझेलचा. त्याने फोन कानापासून जरा दूर धरला, परत आणला.

"इथं कोणी फुलं देत नाही," ती म्हणाली. "माझं यंदा पांढरं झालं असतं. दुकानात मिळतात, पण स्वतःच घ्यायचं आणि स्वतःच लावायचं..." तिने ते वाक्य तसंच सोडलं. "तू पांढरं लावलं असशील. तिच्यासाठी."

"लाल लावलं."

टीव्ही बंद झाला.

"तुला काय पाहिजे, थॅडियस?" तिने विचारलं. त्यात राग नव्हता. दारावर आलेल्या माणसाला विचारावं तसं होतं ते, कडी न काढता.

त्याने विचार केला. अकराव्या वर्षी त्याच्याकडे या प्रश्नाची उत्तरं होती. विसाव्या वर्षीही होती.

"काही नको," तो म्हणाला. "सांगावंसं वाटलं."

"बरं."

"बरं."

पण तिने फोन ठेवला नाही. त्यानेही नाही. तळघरातून लोक वर यायला लागले होते, फॉइलने झाकलेली ताटं घेऊन गाड्यांकडे चालले होते. त्याच्या खिडकीकडे बघून कोणी मान हलवली, कोणी नाही.

मागून ओपलने त्याच्या खांद्यावर बोट टोचलं. "बाबा, कोणाशी बोलतोयस?"

त्याने तोंड उघडलं. यायला हवा होता तो 'आई' हा शब्द डिसेंबरात मोझेलबरोबर मातीत गेला होता. आणि 'रोझलिन' आज जिभेवर येईना.

"कोलंबसला," तो म्हणाला.

पलीकडे रोझलिनने ते ऐकलं असणार.